पाठ केलेले भाषण आणि मुलाची वाणी

गेल्या वर्षी पालक संताच्या सणानिमित्त आमच्या धर्मग्रामात बालकांची वक्तृत्व स्पर्धा झाली. परीक्षकांत आम्हीही होतो. पाचवी ते सातवीची सव्वीस मुले बोलली. 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' हा आरंभ बहुतेकांचा सारखाच होता. पुढे येणारा हाताचा झोकही सारखाच होता. पहिल्या क्रमांकाच्या मुलीने हुंड्याच्या प्रथेवर असे काही भाषण केले, की सभागृहातील मातांनी पदर डोळ्यांना लावले. बक्षीस देताना आम्ही सहज विचारले, "बाळ, तू म्हणालीस ते 'विदीर्ण' म्हणजे काय गं?" ती क्षणभर गप्प झाली आणि मग प्रामाणिकपणे म्हणाली, "फादर, ते मावशीने लिहून दिलंय."

त्याच स्पर्धेत एक मुलगा तिसऱ्या वाक्याला अडखळला. विषय होता 'माझे गाव'. पहिल्या रांगेतून त्याची आई ओठ हलवून पुढचा शब्द सुचवीत होती. मागून हसू आले. वेळ संपली म्हणून घंटा वाजवली गेली. ती आम्हीच वाजवली. पुढच्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात हाच मुलगा पाच-सहा सवंगड्यांना घरच्या बोलीत सांगत होता, की त्यांच्या वाडीतल्या विहिरीचे पाणी मचूळ कसे झाले आणि त्याचे आजोबा आता केळीला पाणी कुठून आणतात. त्याच्या बोलण्यात क्रम होता, विनोद होता, ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहून मध्येच थांबणे होते. आम्ही पुढे होऊन म्हणालो, "पुढच्या रविवारी बालमिस्साला वाचन करशील का?" तो मान खाली घालून म्हणाला, "नको फादर, मला बोलता येत नाही."

हे वाक्य आम्हांस बोचत राहिले आहे. गुणपत्रिका पुन्हा काढून पाहिली. तीत उच्चार, पाठांतर, हावभाव आणि वेळेचे भान असे चार रकाने होते. मूल स्वतःचे काही सांगत आहे काय, हे पाहणारा रकाना नव्हता. त्या पत्रिकेवर आमची सही आहे. म्हणून ही टीका प्रथम आमच्यावर आहे, मग पालकांवर.

सेमिनरीत असताना क्विंटिलियनच्या वक्तृत्वशिक्षणावरील ग्रंथाची काही पाने आम्ही वाचली होती. स्पर्धेनंतर तो ग्रंथ पुन्हा उघडला. हा मूळचा स्पेनमधील शिक्षक रोममध्ये वक्तृत्वाची शाळा चालवीत असे. सम्राट वेस्पाशियनच्या काळात त्याला राजकोषातून वेतन मिळू लागले. इ. स. ९५ च्या सुमारास त्याने बारा खंडांचा हा ग्रंथ पूर्ण केला. त्याच्या दुसऱ्या खंडात आमची स्पर्धाच जणू वर्णिलेली आहे. त्या काळी मुले आपण रचलेले सगळे भाषण मुखोद्गत करून ठरल्या दिवशी म्हणून दाखवीत. हा आग्रह बापांचा असे. मुलगा वरचेवर बोलून दाखवतो, तेव्हाच तो शिकतो आहे, अशी त्यांची समजूत होती. क्विंटिलियनला ही प्रथा बदलावीशी वाटते. मुलाने लिहावे पुष्कळ, पण म्हणून दाखवावे थोडे, असे त्याचे मत आहे. जे नेहमीपेक्षा खरोखर चांगले उतरले असेल, तेच सादर करण्याची संधी बक्षीस म्हणून द्यावी. वर्गातील मुलांनी उठून, उड्या मारून एकमेकांची वाहवा करणेही त्याला खपत नाही. अशाने मुले गुरूच्या निर्णयाकडे न पाहता टाळ्यांकडे पाहू लागतात.

आत्मविश्वासाविषयीची त्याची दोन निरीक्षणे प्रत्येक पालकाने मनात ठेवावीत अशी आहेत. पुढे ज्याला लोकांसमोर उभे राहायचे आहे त्याने कोवळ्या वयापासून माणसांना न भिण्याची सवय करावी. एकांतात वाढलेले मूल उजेडात आले की गांगरते. म्हणून तो घरच्या खासगी शिकवणीपेक्षा शाळेची बाजू घेतो. दुसरे असे, की चुका फार कठोरपणे दाखवल्या तर मूल निराश होते, शिकण्याचा तिटकारा करू लागते आणि प्रत्येक गोष्टीला भिऊन शेवटी काहीच करून पाहत नाही. आमची घंटा आणि त्या मुलाचे 'नको फादर' यांचा संबंध एकोणीस शतकांपूर्वीच कुणीतरी ओळखून ठेवला होता.

मग पाठांतर सोडून द्यावे काय? तसे मुळीच नाही. आपल्या प्रार्थना, स्तोत्रे, गीते आपण पाठांतरानेच जिवंत ठेवली. क्विंटिलियनही स्मरणशक्तीचा मोठा कैवारी आहे. मात्र त्याच्या मते पाठ करावे ते थोर लेखकांचे उतारे. त्यांतून उत्तम शब्द आणि उत्तम घडण मुलाच्या मनात साठते आणि पुढे आपोआप हाताशी येते. आपण नेमके उलटे करतो. घाईघाईने कुणीतरी लिहून दिलेले बेताचे भाषण महिनाभर घोकून घेतो आणि बक्षीस मिळाले की विसरू देतो. आता तर भ्रमणध्वनीवर विषय टाकला की यंत्रच क्षणात भाषण लिहून देते. मावशीचीही गरज उरली नाही. मूल मात्र पूर्वीइतकेच मुके राहते.

क्विंटिलियनच्या मर्यादा उघड आहेत. त्याच्यापुढे रोममधील सुस्थित घरांतील मुलगेच होते आणि त्यांचे ध्येय न्यायालय व सत्तास्थाने हे होते. आपल्या धर्मग्रामातील मुला-मुलींसाठी त्याच्याहून जवळचा साक्षीदार संत ऑगस्टीन होय. ३८४ साली मिलानमध्ये वक्तृत्वाचा अध्यापक झालेला हा पुरुष लहानपणी शाळेतील अशाच स्पर्धेत चमकला होता. ट्रोजनांच्या राजाला इटलीपासून दूर ठेवता येत नाही म्हणून क्रोधाने व दुःखाने पेटलेल्या जूनो देवीचे भाषण त्याने केले आणि बरोबरीच्या मुलांहून अधिक टाळ्या मिळवल्या. 'कन्फेशन्स'मध्ये या प्रसंगाकडे वळून पाहताना तो देवाला विचारतो, की हे सगळे निव्वळ धूर आणि वारा नव्हते काय? आपली बुद्धी आणि जीभ खपवायला दुसरे काही नव्हते काय? विजेत्याने स्वतःच्या बक्षिसाची केलेली इतकी कठोर समीक्षा आमच्या वाचनात दुसरी नाही.

तोच ऑगस्टीन पुढे कार्थेजच्या देओग्रातियास या उपयाजकाला धीर देतो. आपली शिकवण रटाळ होते, अशी या उपयाजकाची तक्रार होती. माझे स्वतःचे बोलणेही मला जवळजवळ नेहमीच असमाधानकारक वाटते, असे ऑगस्टीन त्याला कळवतो. पण ऐकणाऱ्याला ते तितके निष्फळ वाटत नसते. ऐकणाऱ्याविषयीच्या प्रेमाने बोलले तर बोलण्याचा कंटाळा गळतो, असा त्याचा अनुभव आहे. मुलांना हे कुणी सांगत नाही. मोठमोठ्या वक्त्यांच्याही पोटात गोळा येतो हे ठाऊक नसल्याने भीती हा आपलाच दोष आहे, असे मूल धरून चालते. मोशेनेही आपली जीभ जड असल्याचे परमेश्वराला सांगितले होते आणि यिर्मयाने आपण लहान असल्याची सबब पुढे केली होती.

आणखी एक चित्र आपल्या डोळ्यांसमोर नित्य असावयास हवे. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारीत होता, असे संत लूक सांगतो. त्याच्या उत्तरांचे आश्चर्य त्यानंतर येते. आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभही असाच आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली प्रथम छापले गेले. त्यात कथा सांगणाऱ्या पाद्री गुरूला श्रोते मध्येच शंका विचारतात आणि तो त्यांना उत्तरे देतो. आपल्या स्पर्धेत मात्र मुलाला कुणी प्रश्न विचारीत नाही. म्हणजे त्याचे कुणी ऐकतच नाही. आपण फक्त गुण देतो.

भाषेचा प्रश्नही येथे दडलेला आहे. आमच्या वसईतील अनेक मुले घरी एक बोली बोलतात, शाळेत इंग्रजी शिकतात आणि व्यासपीठावर ग्रंथातली मराठी म्हणतात. या तिसऱ्या भाषेत चूक झाली की मुलाला वाटते, आपल्याला बोलताच येत नाही. प्रमाण मराठी त्याला यावी, उत्तम यावी. पण सांगायची गोष्ट प्रथम बोलीत मोकळी सांगून झाली, तर तिच्या मागोमाग प्रमाण भाषा सुखाने चालत येते.

म्हणून यंदा आम्ही काही बदल केले. संपूर्ण लिहिलेले भाषण बंद केले. मुलाने एका चिठ्ठीवर चार-पाच शब्द आणावेत आणि आपण पाहिलेली, ऐकलेली एक गोष्ट सांगावी. आधी पाच-सहा मुलांच्या गटात सांगावी, मग सभागृहात. प्रत्येकाला श्रोत्यांनी दोन प्रश्न विचारावेत. घंटा काढून टाकली. चूक दाखवायची ती एका वेळी एकच आणि बाजूला घेऊन. मिस्सातील वाचन मुलाला बुधवारीच देतो, अर्थ समजावतो आणि शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये ध्वनिक्षेपकावर दोनदा वाचून घेतो. बालकांच्या मिस्साविषयी रोमहून १९७३ साली निघालेल्या मार्गदर्शिकेने प्रवचन कधी कधी मुलांशी संवादरूपाने करण्यास मुभा दिली आहे. इतकी वर्षे आम्ही ती वापरली नाही, कारण पाठ केलेले प्रवचन आम्हांसही सोपे जाते.

पालकांना आमची विनंती एवढीच, की रात्रीच्या जेवणाच्या वेळी दूरचित्रवाणी बंद करून मुलाला दिवसातली एक गोष्ट सांगू द्यावी आणि ती संपेपर्यंत मध्ये बोलू नये. त्याला तेथे श्रोता मिळाला तर सभागृहातला श्रोता त्याला परका वाटणार नाही.

त्या मुलाने यंदाही स्पर्धेत नाव दिले नाही. आम्हीही आग्रह केला नाही. मात्र गेल्या महिन्यात संवादरूपी प्रवचनात आम्ही शोमरोनी स्त्रीच्या विहिरीची कथा सांगत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून त्याचा हात वर आला. त्या विहिरीचे पाणी गोडे होते का, असे त्याने विचारले. उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही त्यालाच पुढे बोलावले आणि त्याच्या आजोबांच्या विहिरीचे काय झाले, ते सांगायला सांगितले.