वसईचा तह आणि वाटाड्यांचे मौन
वसई किल्ल्याच्या सशुल्क इतिहासफेरीत चिमाजी अप्पांच्या मस्तकाची आख्यायिका रंगली. संत सेबास्टियन बुरूज सुरुंगांनी कसा उडवला, तेही ऐकले. माझा आक्षेप पुढच्या मौनाला आहे. मे १७३९च्या तहाने पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, निशाणे फडकवीत बाहेर पडू दिले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला धर्मपालनाची मुभा दिली. हे कलम गाळले, तर वसईतली आजची ख्रिस्ती गावे कशी समजायची? लढाईपेक्षा हा तह मला अधिक बोलका वाटतो.

आणि ३१ डिसेंबर १८०२? वसईतच चिमाजींच्या भावाचा नातू, दुसरा बाजीराव, इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारून बसला. किल्ला जिंकल्याला तेव्हा जेमतेम ६३ वर्षे झाली होती. हा विषय निघाला, तेव्हा मंडळी बसकडे वळली होती.