काळा शेल म्हणजे ऑक्सिजन नव्हता? एका सोप्या वाक्याची उलटतपासणी

पीएचडीसाठी सागरी शेलवर काम करायचं ठरवलं की पहिल्याच आठवड्यात एक वाक्य भेटतं. शब्द बदलतात, आशय तोच राहतो: सेंद्रिय पदार्थांनी भरलेला काळा शेल हा खोल, शांत आणि ऑक्सिजन नसलेल्या समुद्रात साचलेला असतो. वाक्य सोपं आहे, परीक्षेत लिहिलं तर मार्क मिळतात. मीही माझ्या पहिल्या प्रपोझलमध्ये ते जसंच्या तसं लिहिलं होतं. सादरीकरणात एका परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: "तुम्हाला या दगडात काय सापडलं तर तुम्ही म्हणाल की तिथे ऑक्सिजन होता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. काहीही सापडलं तरी माझा निष्कर्ष तोच राहणार होता, म्हणजे मी संशोधन नाही, पाठांतर मांडत होतो.

म्हणून आज या वाक्याचीच तपासणी करू. त्यासाठी दगड घेऊ जर्मनीतला पोसिडोनिया शेल, कारण या वाक्याचं आदर्श उदाहरण म्हणून तोच दाखवला जातो.

दगड कसा आहे

पोसिडोनिया शेल हा सुरुवातीच्या ज्युरासिकमधला, टोआर्सियन काळातला, साधारण 183 दशलक्ष वर्षांपूर्वीचा. नैर्ऋत्य जर्मनीतल्या होल्झमाडेन गावाच्या खाणी त्याच्यासाठी जगप्रसिद्ध आहेत. इक्थिओसॉरचे अख्खे सांगाडे, काहींच्या भोवती त्वचेची बाह्यरेषासुद्धा, मगरीसारखे प्राणी, अ‍ॅमोनाइट, लाकडाच्या ओंडक्यांना लटकलेल्या समुद्रलिली, सगळं इथे मिळतं. काही थरांत सेंद्रिय कार्बन 10 टक्क्यांच्या वर जातो. डॉटर्नहाउझेनला हाच दगड सिमेंट कारखान्यात इंधन म्हणूनही वापरला जातो, इतका त्यात जळण्याजोगा ऐवज आहे.

आता नेहमीचा युक्तिवाद बघा. सांगाडे अख्खे आहेत, म्हणजे तळावर कुरतडणारे प्राणी नव्हते. थर पातळ आणि न विस्कटलेले आहेत, म्हणजे बिळं करणारे किडे नव्हते. समुद्रलिली तळाऐवजी तरंगत्या ओंडक्यांवर वाढत होत्या, म्हणजे तळ राहण्याजोगा नव्हता. सगळं जुळतं, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. या शेलमध्ये हिरव्या गंधक-जीवाणूंच्या रंगद्रव्यापासून तयार झालेली संयुगं सापडली आहेत. या जीवाणूंना प्रकाश आणि हायड्रोजन सल्फाइड दोन्ही लागतात. म्हणजे काही काळ तरी विषारी पाणी प्रकाश पोचेल इतक्या वर आलं होतं. हा पुरावा भक्कम आहे, तो नाकारायचा नाही.

माझा आक्षेप "काही काळ" आणि "नेहमी" यांतला फरक पुसून टाकण्याला आहे.

तीन विशेषणं, तीन प्रश्न

पहिलं विशेषण: शांत. बारीक गाळ फक्त संथ पाण्यातच खाली बसतो, असं आपण धरून चालतो. 2007 मध्ये शिबर, साउदर्ड आणि थाइसन यांनी सायन्समध्ये प्रयोगशाळेतल्या वाहत्या पाण्याच्या पन्हळीतले प्रयोग छापले. चिकणमातीचे कण एकत्र येऊन गुठळ्या होतात आणि सेकंदाला 10 ते 26 सेंटिमीटर वेगाच्या प्रवाहातसुद्धा त्या तळाशी सरकत, तरंगचिन्हं तयार करत साचतात. पुढे दाबले गेल्यावर हे थर सपाट, "शांत" दिसू शकतात. म्हणजे पातळ थर दिसले की पाणी हलत नव्हतं, हे आपोआप सिद्ध होत नाही.

दुसरं: खोल. पोसिडोनिया शेल साचला तो युरोप खंडावर चढून आलेल्या, बेटं आणि उंचवटे असलेल्या उथळ समुद्रात, महासागराच्या गर्तेत नव्हे. खोली कमी असली तरी पाण्याचे थर एकमेकांत मिसळले नाहीत तर खालचा ऑक्सिजन संपू शकतो. तेव्हा "खोल" हा शब्द बहुतेक वेळा सवयीने येतो, मोजमापातून नाही.

तिसरं आणि महत्त्वाचं: ऑक्सिजन नसलेला. 2001 मध्ये र्‍योल आणि सहकाऱ्यांनी थर-थर तपासून दाखवलं की या तळावर अधूनमधून ऑक्सिजन येत होता आणि तेवढ्या वेळात शिंपले वगैरे वस्ती करत होते. 2023 मध्ये मसेन्टे आणि सहकाऱ्यांनी होल्झमाडेनच्या जीवाश्मांचं खनिज तपासलं. या जीवाश्मांची सोनेरी चमक पायराइटची, असं वर्षानुवर्षं म्हटलं जायचं. त्यांना जीवाश्मांत मुख्यतः फॉस्फेटची खनिजं दिसली. पायराइटचे बारीक गोळे होते ते आजूबाजूच्या शेलमध्ये. त्यांच्या मते जीवाश्म टिकण्यात ऑक्सिजनचाही हात होता. एका अभ्यासाने प्रश्न मिटत नाही, पण सगळ्यांनी गृहीत धरलेली गोष्ट कुणीतरी यंत्राखाली ठेवून पाहिली, हे आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं.

दोन पेपर, दोन टोकं

या वाक्याला शास्त्रीय बळ मिळालं ते डेमेसन आणि मूर यांच्या 1980 च्या पेपरमुळे. त्यांनी आजच्या जगात ऑक्सिजनविरहित पाणी कुठे कुठे आहे ते चार प्रकारांत मांडलं: मोठी सरोवरं, उंबरठ्याने अडवलेली खोरी (उदाहरणार्थ काळा समुद्र), खालून पोषक पाणी वर येणारे किनारे, आणि खुल्या महासागरातले कमी ऑक्सिजनचे पट्टे. तेल शोधणाऱ्यांना हा नकाशा फारच उपयोगी पडला. पेपर आजही वाचण्यासारखा आहे, कारण तो नीट वर्गीकरण करतो.

कमतरता कुठे? पोषक पाणी वर येणाऱ्या किनाऱ्यांवर दोन गोष्टी एकदम घडतात: प्लवकांचं उत्पादन प्रचंड वाढतं आणि ते कुजताना ऑक्सिजन संपतो. तिथल्या गाळात कार्बन जास्त असेल तर श्रेय कुणाला द्यायचं, जास्त पुरवठ्याला की चांगल्या टिकावाला? फक्त सोबत दिसतात म्हणून एकाला कारण ठरवता येत नाही.

नेमकं हेच 1990 मध्ये पेडरसन आणि कॅल्व्हर्ट यांनी पकडलं. त्यांचं म्हणणं, मूळ कारण उत्पादन, ऑक्सिजनचा अभाव हा बऱ्याचदा परिणाम. टीका योग्य होती, पण लंबक दुसऱ्या टोकाला गेला. दगडात जुनं उत्पादन थेट मोजता येत नाही. आपण ते कार्बनवरून किंवा बेरियमसारख्या मूलद्रव्यांवरून ओळखतो, आणि ही साधनं स्वतःच टिकावावर अवलंबून असतात. म्हणजे पुन्हा तीच वर्तुळाकार गोची.

हा वाद आपल्या दारातही झाला आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या सागरी उतारावर गाळातला सेंद्रिय कार्बन एका पट्ट्यात वाढतो, आणि अरबी समुद्रात मधल्या खोलीवर कमी ऑक्सिजनचा जाड पट्टा आहेच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या परोपकरी आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मांडलं की इथे टिकाव, म्हणजे ऑक्सिजनचा अभाव, निर्णायक आहे. पुढे 1995 मध्ये कॅल्व्हर्ट, पेडरसन, नायडू आणि फॉन श्टाकेलबर्ग यांनी त्याच उतारावरचा कार्बन पुरवठा, गाळाच्या कणांचा आकार आणि इतर गाळाची सरमिसळ यांनी समजावून सांगितला. समुद्र तोच, निष्कर्ष उलटे. हे दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचा. वाद कसा घालतात हे शिकायला यापेक्षा चांगला वर्ग नाही.

वाटाघाटीचा रस्ता दाखवला तो 1998 मध्ये नेचरमधल्या हार्टनेट आणि सहकाऱ्यांच्या पेपरने. त्यांनी विचारलं, सेंद्रिय कणाला पुरलं जाण्याआधी ऑक्सिजनचा संपर्क किती काळ झाला? "होता की नव्हता" याऐवजी "किती वेळ". मला हा बदल सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण यात हो-नाहीच्या जागी मोजता येणारी गोष्ट आली.

तुमच्या प्रपोझलसाठी याचा अर्थ काय

एक: टीओसीचा आकडा एकटा वाचू नका. तो टक्का आहे. 5 ग्रॅम कार्बन आणि 45 ग्रॅम इतर गाळ असेल तर टीओसी 10 टक्के. तेवढ्याच कार्बनवर नदीने 95 ग्रॅम गाळ टाकला तर 5 टक्के. समुद्रात ना उत्पादन बदललं ना ऑक्सिजन, आकडा मात्र निम्मा झाला. शिवाय दगड तापून त्यातून तेल-वायू निघून गेला असेल तर आजचा टीओसी मूळच्यापेक्षा कमी असतो.

दोन: प्रत्येक साधनाची खोड ओळखा. मॉलिब्डेनम जास्त म्हणजे सल्फाइडचं पाणी, हा ढोबळ नियम. पण आजच्या काळ्या समुद्रात तळाशी भरपूर सल्फाइड असूनही गाळात मॉलिब्डेनम त्या मानाने कमी आहे, कारण खोरं बंदिस्त आहे आणि पाण्यातला साठाच आटतो. म्हणजे कमी मॉलिब्डेनमचा अर्थ "ऑक्सिजन होता" किंवा "खोरं बंद होतं" यांपैकी काहीही असू शकतो. पायराइटच्या गोळ्यांचा आकार, जैवसंयुगं, जीवाश्म, थरांची ठेवण, यांतली किमान दोन-तीन एकमेकांपासून स्वतंत्र साधनं घ्या.

तीन: सॅम्पल किती जाड आहे ते बघा. अशा शेलच्या एका सेंटिमीटरमध्ये शेकडो ते हजारो वर्षं दाबलेली असू शकतात. तुम्ही ते दळून पूड केलीत की मिळते ती सरासरी. सरासरीत दहा वर्षांपुरता आलेला ऑक्सिजन दिसणारच नाही, आणि मग आपण खुशाल लिहितो, "सतत ऑक्सिजनविरहित". हा गुण दगडाचा नसून आपल्या दळण्याचा आहे.

चार: नावांना भुलू नका. या काळातल्या घटनेला "टोआर्सियन महासागरी ऑक्सिजनविरहित घटना" म्हणतात. नावातच निष्कर्ष बसवलेला आहे. नाव वापरा, पण तुमच्या थरांत ती अवस्था होती की नाही हे नावाने ठरत नाही.

शेवटी एक सराव. काळ्या शेलवरचा तुम्हाला आवडलेला कोणताही पेपर घ्या. वहीत दोन रकाने करा: डावीकडे डोळ्याने किंवा यंत्राने पाहिलेलं, उजवीकडे त्यावरून काढलेलं. "थर पातळ आहेत" डावीकडे. "तळ शांत होता" उजवीकडे. मग उजवीकडच्या प्रत्येक वाक्यापुढे लिहा: काय सापडलं असतं तर हे वाक्य चुकीचं ठरलं असतं? जिथे काही सुचणार नाही, तिथे खूण करा. बहुधा तिथेच तुमचा संशोधनाचा प्रश्न आहे.

माझं दुसरं प्रपोझल अशाच एका खुणेपासून सुरू झालं. त्यात "ऑक्सिजन नव्हता" हे शब्द अजूनही आहेत, फक्त आता त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे आणि ते काढायला काय मोजावं लागेल याची यादी आहे.