प्रांत मोजू नका

हंगेरीतल्या तरुण संगीतकारांवर हल्ली जे काही लिहून येतं, त्यातलं कौतुक ठरलेलं असतं: हा बघा, किती प्रकारांत लीलया वावरतो! माते बेल्लाचंच (जन्म १९८५) घ्या. पॉप गाणी, रंगभूमीचं संगीत, चेलो आणि वाद्यमेळासाठी ‘च्वांग त्झूचं स्वप्न’. सगळं एका दमात मोजायचं, ‘अष्टपैलू’ म्हणायचं, की झाला लेख. त्या गाण्यांतलं चेलोच्या रचनेत काय उतरलं, हा प्रश्न कुणाला पडतच नाही.

संगीतकार बार्टोकनं लोकगीतांसाठी फोनोग्राफ घेऊन खेडी पालथी घातली आणि १९३८ मध्ये जॅझवाल्या बेनी गुडमनच्या क्लॅरिनेटसाठी ‘कॉन्ट्रास्ट्स’ही लिहिलं. त्याच्या देशात सरमिसळ ही बातमी कशी होते? ‘इश्तवान, अ किराय’च्या (१९८३) वळणाचे रॉक-ऑपेरा मी सोडून देतो; त्यांत आवाज वाढतो, बाकी काही हलत नाही. लोकधुनेखाली ड्रमचा ठेका सारणारे तर त्याहून लवकर सोडावेत.

थांबायचं ते मिहाय वीगपाशी. ‘बालातोन’ या रॉक बँडचा हा माणूस सिनेदिग्दर्शक बेला तारचा संगीतकार झाला. तारच्या ‘वेर्कमाइस्टर हार्मनीज’ची (२०००) सुरुवात आठवा. गुत्त्यातल्या झिंगलेल्या माणसांना नायक वालुश्का सूर्य, पृथ्वी, चंद्र करून फिरवतो. बराच वेळ नुसता त्याचा आवाज आणि घसटणारी पावलं. ग्रहण लागतं, सगळे थिजतात, आणि मग कुठे पियानो येतो: मोजके स्वर, पुन्हा तेच. रॉकचा दणका इथे औषधालाही नाही. पण थोडक्या स्वरांच्या आवर्तनावर अख्खं गाणं तोलून धरायची बँडवाल्याची सवय आहे, आणि तो लांबलचक शॉट तीच पेलून धरते.

हा सिनेमा क्रास्नाहोर्काईच्या ज्या कादंबरीवर बेतलाय, तिच्यावरच संगीतकार पेटर ओत्वोश यांनी ‘वालुश्का’ हा ऑपेरा केला. बुडापेस्टमध्ये २०२३च्या डिसेंबरात तो रंगमंचावर आला. पुढच्या मार्चमध्ये ओत्वोश गेले. युरोपभर ऑपेरा गाजवलेल्या या माणसाचा मायबोलीतला हा पहिलाच! त्यांनीही तरुणपणी नाटक-सिनेमाचं संगीत केलं होतं. ‘एंजल्स इन अमेरिका’त (२००४) त्यांनी गायकांना मायक्रोफोन दिले, ब्रॉडवेसारखे. ऑपेराच्या गायकाला एरवी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागतो. इथे त्याला कुजबुजता येतं. मग बोलणं कधी संपलं आणि गाणं कधी सुरू झालं, ते सांगता येत नाही. म्युझिकलमधून उचललेली एक तांत्रिक सोय ऑपेराची गायकी बदलून टाकते. याला मी प्रांत ओलांडणं म्हणतो.

कुणी म्हणेल, पोटासाठी चार ठिकाणी हात मारावे लागतात. मारावेतच. पण पोट भरणं हा कलागुण नव्हे, आणि ते तसं खपवणारा समीक्षक कामचुकार आहे. बेल्लाचं एक पॉप गाणं आणि ती चेलोची रचना शेजारी ठेवा; ठेक्यात, पुनरावृत्तीत, दम घेण्याच्या जागांत एकाचा दुसऱ्यावर हक्क कुठे चालतो, ते दाखवा. चालत नसेल तर हा माणूस दोन वेगळी दुकानं चालवतो, असं सरळ लिहा. त्यात त्याचा काही अपमान नाही. लिस्ट संगीत अकादमीत शिकलेल्याला पॉप गाणं जमतं याचं तोंडभर आश्चर्य करण्यात मात्र आहे. त्याचाही, आणि जन्मभर तेवढंच लिहिणाऱ्यांचाही.