हसू नेमकं कुणावर येतं?

विचारसरणीवरचा सिनेमा म्हटलं की माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना स्लावोय झिझेक आठवतो. सोफी फाइन्स यांच्या ‘द पर्व्हर्ट्‌स गाइड टू आयडिऑलॉजी’मध्ये (२०१२) तो गाजलेल्या सिनेमांच्या सेटवर जाऊन बसतो आणि आपल्या रोजच्या जगण्यात विचारसरणी कशी मुरलेली असते ते सांगतो. सुरुवात ‘दे लिव्ह’पासून होते. त्यातला चष्मा घातला की जाहिरातींमागचे हुकूम वाचता येतात. धमाल येते. आपणही या घाणीतलेच, असं झिझेक म्हणतो खरा, पण दोन तासांत त्याला उलटून विचारणारं कुणीच भेटत नाही.

उलटून बोलणारी माणसं हवी असतील तर आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) बघा. १४ वर्षं चित्रीकरण चाललेला, तीन तासांच्या आसपासचा माहितीपट. याला कुणी विनोदी म्हणणार नाही. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर उतरले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० जण गेले. सिनेमा तिथून उभा राहतो. तरी मी त्याला उपहासाचा सिनेमा म्हणेन, कारण त्यातला उपहास दिग्दर्शकाला करावाच लागत नाही.

६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या आसपासचे लोक गर्दीबद्दल, अस्वच्छतेबद्दल बोलतात. पटवर्धन कॅमेऱ्यामागून साधा प्रश्न विचारतात आणि थांबतात. समोरचा सभ्यपणे बोलत राहतो आणि जितकं बोलतो तितका उघडा पडतो. शहराचा कचरा हातानं उचलणारी माणसंही याच सिनेमात आहेत. ही दोन्ही माणसं डोक्यात शेजारी बसली की वेगळं भाष्य लागत नाही.

इथवर हसणं सोपं आहे. सिनेमा मोठा होतो तो विलास घोगरेंमुळे. १९८५च्या ‘हमारा शहर’मध्ये पटवर्धनांनी ज्यांचं गाणं वापरलं होतं, ते हे शाहीर. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर काही दिवसांतच त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. ते डाव्या ‘आव्हान नाट्य मंचा’त गायचे आणि त्याच मंचानं त्यांना काढून टाकलं होतं. आयुष्यभर लाल झेंड्यासाठी गायलेल्या या माणसानं शेवटी कपाळाला निळं फडकं बांधलं. ‘जय भीम’ आणि ‘कॉम्रेड’ या दोन शब्दांमध्ये नावात काहीच नाही, ‘आणि’सुद्धा नाही. अख्खा सिनेमा त्या रिकाम्या जागेबद्दल आहे. वर्ग आधी की जात आधी, हा वाद पुस्तकात पानं खातो. इथे तो एका कलावंताला एकटं पाडतो.

सोलापूरकराला हे वाचून आडम मास्तर आठवले नाहीत तरच नवल. सोलापूरजवळ कुंभारीत असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा ‘रे नगर’ प्रकल्प माकपचे माजी आमदार नरसय्या आडम यांनी लावून धरला. ९ जानेवारी २०१९ला नरेंद्र मोदींच्या हस्ते पायाभरणी झाली. त्या व्यासपीठावरून मास्तरांनी सरकारची स्तुती केली आणि पक्षानं त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. १९ जानेवारी २०२४ला मोदींनीच पहिली १५,००० घरं लाभार्थ्यांना दिली. दोन्ही प्रसंग एका मापाचे नाहीत. एकात माणूस गेला, दुसऱ्यात घरं मिळाली. पण प्रश्न एकच आहे. विचार पाळायचा म्हणजे नेमकं काय पाळायचं? आणि चुकलं कोण, हे ठरवायचं कुणी? विडी वळणाऱ्या बाईला पक्कं घर मिळालं, यात तत्त्वाचा पराभव बघायचा की विजय? झिझेकच्या चष्म्यातून याचं उत्तर दिसत नाही. त्यासाठी त्या बाईला विचारावं लागेल.

‘जय भीम कॉम्रेड’ मला कमी पडतो तोही इथेच. पुण्याच्या कबीर कला मंचाची पोरं गायला लागतात, शीतल साठेचा आवाज भरून येतो आणि पटवर्धनांचे प्रश्न मऊ होतात. सभ्य घरातल्या माणसाला जसं शांतपणे खोदून विचारलं, तसं या पोरांना फारसं विचारलं जात नाही. त्यामागची माया कळते. सरकार त्यांच्या मागे लागलेलं असताना त्यांची उलटतपासणी घेणं सोपं नाही. पण टेस्टिंग फक्त दुसऱ्याच्या कोडचं करायचं नसतं, हे आमच्या धंद्यात पहिल्याच वर्षी कळतं. घोगरेंना बाहेर काढणारा नियम नव्या शाहिरांच्या चळवळीत शिल्लक आहे का, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

आपण आता राजकारण रीलमध्ये बघतो. शिवाजी पार्कच्या उत्तरांची ४० सेकंदांची रील सहज होईल, आणि आपल्याला पटतंय म्हणून ती आपण पुढे पाठवू. घोगरेंच्या भागाची होणार नाही, कारण तिथे हसायला समोरची बाजूच नाही. म्हणून हा सिनेमा तुकड्यांत बघू नका. आणि उद्या कुणी कुंभारीत कॅमेरा लावलाच, तर प्रश्न मंत्र्याला, मास्तरांना, पक्षाला आणि त्या बाईला एकाच आवाजात विचारा. उत्तर येईपर्यंत कॅमेरा बंद करू नका.