यंत्राला स्वभाव असतो काय?

अमेरिकेतील जुन्या मोटारींचे शौकीन एक वाक्य हटकून बोलून दाखवितात : आमच्या वेळच्या गाड्यांना स्वभाव होता, आताच्या गाड्यांना तो उरला नाही. हे इतक्या ठामपणे सांगितले जाते की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलू लागते. परंतु ‘स्वभाव’ हा शब्द आम्हां कादंबरीकारांच्या नित्याच्या व्यवहारातला. अमक्या पात्राला स्वभावच नाही, असे टीकाकाराने लिहिले की आमची झोप उडते. तेव्हा तोच शब्द कोणी लोखंडाला आणि रबराला लावू लागला, तर तो कितपत शोभतो हे तपासून पाहण्याचा आम्हांला थोडाफार अधिकार आहे, असे मी धरून चालतो. मोटार हाकण्याची विद्या मजपाशी नाही, हे खरे; पण राजवाड्यात पाऊल न टाकताही राजेरजवाड्यांवर कादंबऱ्या लिहिल्या जातातच की!

ज्या गाड्यांविषयी हे बोलले जाते त्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. आपण त्यांना पिळदार गाड्या म्हणू. त्यांचा खरा बहर १९६४ पासून पुढची जेमतेम दहा वर्षे टिकला. त्यांतल्या पहिल्या गाडीची जन्मकथा मोठी गमतीची आहे. जनरल मोटर्स कंपनीचा असा दंडक होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवावयाचे नाही. कंपनीच्या पाँटिअ‍ॅक शाखेतील जॉन डिलोरियन आणि त्याचे सहकारी यांच्या ध्यानात आले की हा दंडक नव्या गाडीला आहे. गिऱ्हाइकाने मागून घेतलेल्या जादा सामानाला नाही. त्यांनी टेंपेस्ट नावाच्या एका सोज्वळ, बायकामुलांच्या गाडीत ३८९ घनइंचांचे दांडगे इंजिन बसविले, सुमारे ३०० डॉलरांचे ‘जादा सामान’ म्हणून ते यादीत घातले, आणि फेरारी ह्या खानदानी इटालियन घराण्याच्या गाडीचे ‘जीटीओ’ हे नाव खुशाल उचलून त्याला चिकटविले. पहिल्याच वर्षी अशा ३२,००० हून अधिक गाड्या खपल्या.

ह्या कथेत त्या गाड्यांच्या स्वभावाचे मूळ आहे, असे मला वाटते. अंगरखा कारकुनाचा आणि छाती पैलवानाची, अशी ही घडण होती. इंजिन दुप्पट जोमाचे. पण ब्रेक जुन्या ड्रमचेच, टायर अरुंद, आणि मागचा आस बऱ्याच गाड्यांत बैलगाडीसारख्या पोलादी पाट्यांवर टेकलेला. सरळ रस्त्यावर गाडी उधळे आणि वळणावर तिला आपल्या देहाचे काय करावे तेच कळेनासे होई. कादंबरीत आपण जिवंत पात्र कशाला म्हणतो? ज्याची इच्छा त्याच्या आवाक्यापेक्षा मोठी असते त्याला. जिथे इच्छा आणि आवाका यांचे माप जुळलेले असते, तिथे माणूस सुखी होत असेल, कथा मात्र होत नाही. ह्या अर्थाने त्या गाड्यांना स्वभाव होता, हे शौकिनांचे म्हणणे मी मान्य करतो. फक्त तो स्वभाव ताकदीत नव्हता, ताकदीच्या आणि देहाच्या बेबनावात होता. शौकीन मंडळी घनइंचांचे आकडे घोकतात आणि नेमकी हीच गोष्ट विसरतात.

हे पडताळून पाहावयाचे असेल त्याने ‘बुलिट’ हा १९६८ सालचा चित्रपट पाहावा. पीटर येट्स हा त्याचा दिग्दर्शक आणि स्टीव्ह मॅक्वीन नायक. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांच्या रस्त्यांवर नायकाची हिरवी फोर्ड मस्टँग आणि मारेकऱ्यांची काळी डॉज चार्जर यांचा पाठलाग दहा मिनिटांहून अधिक वेळ चालतो. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे मस्टँग ३२५ अश्वशक्तीची आणि चार्जर ३७५ अश्वशक्तीची. म्हणजे नायकाची गाडी ही दोघींत दुबळी. पाठलाग ऐन रंगात येतो तेव्हा पार्श्वसंगीत थांबते. पुढे ऐकू येतात ती केवळ दोन इंजिने, टायरांचे किंचाळणे आणि उतारावरून गाडी आदळली म्हणजे होणारा पत्र्याचा धडाड आवाज. दोन माणसे भांडत असावीत तसे ते ऐकावे. कथेच्या दृष्टीने ह्या चित्रपटात उणीवा पुष्कळ आहेत. एकच हिरवी फोक्सवॅगन पुन्हा पुन्हा ओलांडली जाते, आणि चार्जरच्या चार चाकांवरून चारांहून अधिक टोप्या गळून पडतात! परंतु एके ठिकाणी मस्टँग वळण चुकून पुढे घसरते, धूर ओकीत मागे येते आणि पुन्हा धावू लागते. हा तुकडा कापून टाकता आला असता. तो ठेवला, आणि त्या क्षणी गाडी पात्र झाली. चुकल्यावाचून कोणाचा स्वभाव कळला आहे?

इथवर कादंबरीकार बोलला. आता माझ्यातल्या शाळामास्तराला बोलावयाचे आहे, आणि त्याचे म्हणणे कडू आहे.

ह्या गाड्या विकत घेणारे कोण होते? बव्हंशी कोवळी पोरे. प्लिमथ कंपनीने १९६८ साली रोडरनर नावाची गाडी काढली ती त्यांच्यावरच नजर ठेवून. आतले गालिचे, सजावट सगळे काढून टाकलेले, किंमत ३,००० डॉलरांच्या आत, आणि व्यंगपटातल्या त्या नावाच्या पक्ष्यासारखा ‘बीप् बीप्’ करणारा हॉर्न! खेळणे आणि तोफ एकाच वेष्टनात. अमेरिकेत १९६६ साली रस्त्यांवर ५०,००० हून अधिक माणसे दगावली. हे सारे पाप पिळदार गाड्यांचे नव्हे. पण ज्या काळाने त्या गाड्या घडविल्या त्याच काळाचे ते आहे. समोरच्या टकरीत स्टिअरिंगचा ताठ दांडा चालकाच्या छातीत शिरे. राल्फ नेडर ह्या तरुण वकिलाने १९६५ साली ग्रंथ लिहून ही गोष्ट चव्हाट्यावर आणली, आणि पुढच्याच वर्षी सुरक्षिततेचा कायदा झाला. दहा कोटी मैलांच्या प्रवासामागे १९६६ साली ५.५ माणसे मरत. २०२३ साली हे प्रमाण १.२६ वर आले होते. ह्या दोन आकड्यांमधल्या अंतरात केवढी माणसे घरी परतली असतील! पट्टे, हवेच्या पिशव्या, आणि २०१२ च्या नमुन्यांपासून तिकडे सक्तीची झालेली, घसरती गाडी आपण होऊन सावरणारी यंत्रणा, यांचे हे देणे आहे. गाडीचा स्वभाव गेला म्हणून हळहळणाऱ्याने ह्या हिशेबाकडे पाठ फिरवू नये. पुस्तकातल्या पात्राने चुकावे, आपटावे, मरावेही. शनिवारी संध्याकाळी घरी गेलेला मुलगा सोमवारी बाकावर दिसावा, एवढीच मास्तराची मागणी असते.

त्या गाड्यांचा अंत मात्र नुसत्या कायद्याने केला नाही. तरुणांच्या विम्याचे हप्ते न परवडण्याइतके वाढले. १९७० च्या स्वच्छ हवेच्या कायद्यामुळे इंजिनांना आवर घालावा लागला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले. १९७४ च्या मस्टँगमध्ये तर आठ नळकांड्यांचे इंजिन मिळतच नव्हते. त्याच साली जीटीओ हे नावही बंद पडले.

आणि आजच्या गाड्या? त्या दुबळ्या झाल्या आहेत, हा आरोप निखालस खोटा आहे. ‘बुलिट’मधल्या मस्टँगचे इंजिन ३९० घनइंचांचे, म्हणजे सुमारे साडेसहा लिटरांचे होते. २०१५ च्या मस्टँगमध्ये २.३ लिटरांचे, चार नळकांड्यांचे इंजिन ३१० अश्वशक्ती देत असे. आणि जुने आकडे इंजिन गाडीबाहेर, सायलेन्सरवाचून मोजून फुगविलेले असत, हेही लक्षात घ्यावे. शिवाय ती गाडी वळते, थांबते आणि हाकणाऱ्याला सांभाळूनही घेते.

माझी तक्रार निराळीच आहे. हे शहाणपण कंपन्यांना लाजिरवाणे वाटते! त्या २०१५ च्या मस्टँगमध्ये इंजिनाची डरकाळी ध्वनिक्षेपकांतून आत सोडलेली होती. २०२४ च्या मस्टँगमध्ये तर दूर उभे राहून किल्लीवरचे बटण दाबले की आत कोणी नसताना इंजिन गुरगुरते. डॉजने विजेवर चालणारी चार्जर काढली, तेव्हा तिच्या मुळातल्या शांतपणाचे अवघडलेपण झाकण्यासाठी बाहेर कृत्रिम गर्जना करणारे यंत्र बसविले. ह्याला मी स्वभाव म्हणत नाही. हा अभिनय आहे, आणि तोही पडद्याआडून दुसऱ्याने बोलावे आणि नटाने ओठ हलवावेत अशा जातीचा. आपल्याकडे सायलेन्सर काढून बुलेट फटफटी गल्लीतून नेणारी पोरे उपद्रवी खरीच. पण तो आवाज निदान त्या यंत्राचा तरी असतो.

ह्या नव्या गाड्यांत मला एकीचाच नमुना मननीय वाटला. २०१५ च्या डॉज चॅलेंजर हेलकॅटला दोन किल्ल्या मिळत, एक तांबडी आणि एक काळी. तांबडीने गाडी सुरू केली तर सगळी ७०७ अश्वशक्ती मोकळी, काळीने केली तर ५०० वर लगाम. म्हणजे आज कोणत्या स्वभावाने वागावयाचे हे गाडीने नव्हे, मालकाने दाराशीच ठरवावयाचे, आणि मुलाने गाडी मागितली तर त्याच्या हाती कोणती किल्ली ठेवावयाची हेही त्यानेच. कादंबरीकार म्हणून मला ती तांबडी किल्ली खोटी वाटते. मास्तर म्हणून काळी किल्ली ज्याने सुचविली त्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

जाता जाता, ‘बुलिट’मध्ये मॅक्वीनने हाकलेल्या मस्टँगचे काय झाले तेही सांगतो. १९७४ साली न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाने ती जाहिरात पाहून ६,००० डॉलरांना घेतली. घरची बाई शिक्षिका होती. ती तीच गाडी घेऊन रोज शाळेत शिकवावयास जाई. १९८० मध्ये क्लच निकामी झाला आणि गाडी घरीच उभी राहिली. जानेवारी २०२० मध्ये फ्लॉरिडातल्या लिलावात तिला ३४ लाख डॉलरांची बोली आली, तेव्हा तिचा रंग विटलेलाच होता आणि पत्र्यावरचा गंज कोणी खरवडून काढलेला नव्हता.