मुक्त संकेत आणि बंदिस्त मंच : झाडीबोलीच्या अभ्यासाच्या दृष्टीने

बोलीच्या अभ्यासास आधी साधन लागते, मग सिद्धान्त. एखाद्या बोलीत कोणी, कोठे व केव्हा काय म्हटले ह्याचा पुरावा हाती असल्याखेरीज तिच्या ध्वनिव्यवस्थेविषयी वा रूपव्यवस्थेविषयी केलेले विधान अनुमानाच्या पायरीवरच राहते. हा पुरावा जेथे निर्माण होतो ती जागा आज बदलली आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यातील झाडीबोलीचा भाषक कालपर्यंत घरी बोली बोलत असे आणि लिहिताना बहुधा प्रमाण मराठी लिहीत असे. आता तो मोबाइलवर आपली बोली आपल्याच हाताने लिहितो. ही घटना लहान नव्हे. परंतु हे लेखन ज्या जागी होते तिचे स्वरूप काय, आणि तेथून ते अभ्यासकाच्या हाती येते किंवा कसे, हा प्रश्न संगणकशास्त्राचा मानून बाजूस ठेवला जातो. वस्तुतः तो पाठचिकित्सेचा प्रश्न आहे.

ह्यासंबंधी सावलीचे उदाहरण बोलके आहे. मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या मार्गावरील ह्या गावी १९३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले होते. ‘गांधीवाद’ नावाची काही वस्तू नाही आणि आपल्यामागे कोणताही पंथ राहू नये, असा विचार गांधीजींनी तेथे मांडला. तो ‘हरिजन’ साप्ताहिकात छापून आला, पुढे समग्र वाङ्मयाच्या खंडांत समाविष्ट झाला आणि आजही तारखेनिशी पाहता येतो. ‘हरिजन’ १९५६ मध्ये बंद पडले. परंतु त्याचे अंक नाहीसे झाले नाहीत, कारण ते वाचकांच्या घरी आधीच पोचले होते. ह्याच सावलीतील एखाद्या तरुणाने २०१० च्या सुमारास ऑर्कुटवर आपल्या बोलीत चार ओळी लिहिल्या असतील, तर त्या आज सापडणार नाहीत. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. सार्वजनिक समूहांतील लेखन काही काळ केवळ वाचण्यापुरते ठेवण्यात आले होते. पुढे तेही काढून घेण्यात आले. जुना मजकूर टिकला व नवा नष्ट झाला, ह्याचे कारण कागदाच्या टिकाऊपणात नाही. एका व्यवस्थेत प्रत वाचकाकडे जात होती, दुसरीत वाचकास प्रतीकडे जावे लागत होते, एवढाच भेद येथे निर्णायक ठरतो.

संगणकाच्या जाळ्यावर पहिल्या प्रकारची व्यवस्था नव्हती असे नाही. सर्न ह्या संशोधनसंस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबची मूळ आज्ञावली सर्वांस मोकळी करून दिली. ई-मेल ज्या संकेतावर चालते तो १९८२ मध्येच प्रसिद्ध झाला होता. १९९९ मध्ये आरएसएस हा फीडचा संकेत आला व २००५ मध्ये ॲटम हा त्याचा भाऊबंद प्रमाणित झाला. फीडची रचना अगदी साधी आहे. संस्थळ आपल्या नव्या मजकुराची शीर्षके, पत्ते, तारखा व सारांश, प्रसंगी संपूर्ण मजकूरही, ठरलेल्या साच्यातील एका छोट्या धारिकेत लिहून ठेवते. वाचकाची आज्ञावली ठरावीक काळाने ती धारिका मागून घेते आणि प्रत वाचकापाशी येते. मजकूर कोणाचा आणि वाचक कोण, हे ठरविणारा तिसरा पक्ष मध्ये नसतो. पॉडकास्ट म्हणून आज परिचित असलेला ध्वनिप्रकारही ह्याच फीडवर उभा राहिला.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास ही व्यवस्था अपरिचित वाटू नये. घट हवा असेल तर मनुष्य कुंभाराकडे जातो, परंतु शब्द हवे असतील तर तो वैयाकरणाकडे जात नाही, हा भेद पतंजलीने महाभाष्याच्या प्रारंभीच दाखविला आहे. शब्द कोणाच्या घरी तयार होत नाहीत. ते समाजाच्या संकेतावर चालतात, आणि वैयाकरण त्या संकेताचे केवळ वर्णन करतो. मुक्त प्रोटोकॉल ह्या अर्थाने शब्दासारखा आहे: त्याचे वर्णन प्रसिद्ध असते व पालन करील तो त्याचा वापर करू शकतो. बंदिस्त मंच कुंभाराच्या घरासारखा आहे. तेथील घट सुबक असतो, बहुधा फुकटही मिळतो. मात्र तो त्या घरातच वापरावा लागतो.

‘मंच’ हा शब्दच ह्या ठिकाणी दिशाभूल करणारा आहे. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई व शंकरपट ह्यांच्या निमित्ताने गावोगावी नाटके होतात. गावातील मंडळ वडशाच्या एखाद्या नाट्यकंपनीस बोलावते, रात्रभर प्रयोग होतो, आणि सकाळी कंपनी आपली संहिता व सामान घेऊन पुढच्या गावी जाते. मंच उभारणारा संहितेचा धनी होत नाही, की प्रेक्षकास दुसऱ्या गावचे नाटक पाहण्यास मज्जाव करीत नाही. संगणकीय मंच ह्या दोन्ही गोष्टी करू शकतो. लेखक तेथून निघाला तर त्याचा वाचकवर्ग मागे राहतो, आणि मंच मोडला तर संहिताच जाते.

मोकळ्या वाटा क्रमाने कशा बुजविण्यात आल्या ह्याचा इतिहास अलीकडचाच आहे. गूगलचा फीड-वाचक १ जुलै २०१३ रोजी बंद झाला. त्याच वर्षी ट्विटरने आपल्या फीड काढून टाकल्या. २०२३ मध्ये ट्विटरवरील मजकूर संशोधनासाठी विनामूल्य मिळविण्याची सोय संपली. फेसबुकवरील सार्वजनिक मजकूर पाहण्याचे क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये मिटले. मराठीसह भारतीय भाषांसाठी निघालेला कू हा देशी मंच २०२४ च्या जुलैत बंद पडला, ह्यावरून हा दोष केवळ परदेशी मालकीचा नव्हे, रचनेचा आहे हेही स्पष्ट व्हावे. यूट्यूबने प्रत्येक वाहिनीची फीड अद्याप ठेवली आहे. परंतु तीतून नव्या चित्रफितीची वार्ता तेवढी मिळते, चित्रफीत मंचाच्याच ताब्यात राहते. झाडीपट्टीच्या नाटकांच्या ध्वनिचित्रफिती आज मोठ्या प्रमाणावर तेथेच आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते.

तथापि मुक्त पक्षाच्या युक्तिवादात एक उणीव आहे आणि ती दडविणे योग्य नव्हे. फीडचे समर्थक वाचकाच्या स्वातंत्र्याविषयी बोलतात. परंतु ते स्वातंत्र्य वापरण्यास स्वतःचे संस्थळ, त्याचे वार्षिक भाडे आणि तांत्रिक माहिती लागत असे. २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटने ज्या वाचक-लेखकांस प्रथमच जाळ्यावर आणले, त्यांच्या हाती बंदिस्त मंचांनी देवनागरी कळफलक, ध्वनिमुद्रण आणि श्रोता ह्या तिन्ही गोष्टी एकाच वेळी दिल्या. झाडीबोली लिहिली जाऊ लागली ती ह्यामुळे; फीडमुळे नव्हे. गोंडीच्या बाबतीत तर लेखनाचीही अट जाचक ठरते. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९.८ लाख भाषक असलेल्या ह्या भाषेत साध्या फोनवरून बोलणे मुद्रित करून ते सर्वांस ऐकविण्याची जी सोय सीजीनेट स्वर ह्या उपक्रमाने २०१० पासून मध्य भारतात केली, तिचे महत्त्व येथेच आहे. साधन सुलभ असणे व फलित मोकळे असणे ह्यांत विरोध नाही, हे तिने दाखवून दिले.

मराठीस बंदिस्त संकेताचा अनुभव नवा नाही. महानुभाव पंथाचे वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले गेले. त्यामुळे पाठ बाह्य हस्तक्षेपापासून बऱ्याच अंशी बचावले, हा लाभ मान्य करावा लागतो. पण विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे व वि. ल. भावे ह्यांच्या प्रयत्नांनी ती लिपी अभ्यासकांस उलगडेपर्यंत मराठी गद्याचा आद्य इतिहास त्याच्या मुख्य साधनांवाचून लिहिला जात होता, हेही तितकेच खरे. दुसरा अनुभव टंकांचा. संगणकीय मुद्रणाच्या आरंभकाळात प्रत्येक टंकाचा संकेत निराळा होता, आणि अनेक मराठी वृत्तपत्रांची संस्थळे त्यांच्या त्यांच्या टंकाखेरीज वाचता येत नसत. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ पासून होता. तो संकेत सर्वत्र रूढ झाल्यावर एकाचा मजकूर दुसऱ्यास वाचता व शोधता येऊ लागला. गोंडीच्या मसराम लिपीस २०१७ मध्ये व गुंजाळा लिपीस २०१८ मध्ये त्याच संकेतात स्थान मिळाले. महानुभावांची लिपी उलगडली ती मठांतून पोथ्या जपलेल्या होत्या म्हणून; बंद पडलेल्या मंचाची पोथीच उरत नाही, हा भेद ध्यानात ठेवावा.

झाडीबोलीच्या संदर्भात ह्या साधनाचे मोल नेमके सांगता येते. ‘ण’च्या जागी ‘न’, ‘ळ’च्या जागी ‘र’ ही तिची परिचित लक्षणे होत. परंतु बोली लिहिताना भाषक ती लक्षणे कोठे राखतो व कोठे प्रमाण लेखनाकडे झुकतो, ह्याचा विचार केवळ सर्वेक्षणाने होत नाही. ग्रियर्सनच्या पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यातील नमुन्यांचा मोठा भाग उधळ्या पुत्राच्या कथेच्या रूपांतरांचा आहे, म्हणजे ते मागवून घेतलेले लेखन आहे. स्वेच्छेने लिहिलेली बोली प्रथमच आज विपुल प्रमाणात उपलब्ध होत आहे. तिचा उपयोग होण्यास तीन गोष्टी हव्यात: स्थिर पत्ता, विश्वसनीय तारीख, आणि पडताळ्यासाठी दुसऱ्याच्या हाती असलेली प्रत. मुक्त फीड ह्या तिन्हींची सोय करते. बंदिस्त मंच त्या तिन्ही आपल्या मर्जीवर ठेवतो. ज्या मजकुराचा पडताळा दुसऱ्या अभ्यासकास घेता येत नाही, त्यावर उभारलेला प्रबंध कितीही परिश्रमाने लिहिलेला असो, त्याचे प्रामाण्य उसने राहते.

ह्याचा अर्थ मंचांवरील सर्व लेखन उचलून आणावे असा नाही. खाजगी समूहातील संभाषण हे संशोधनाचे साधन नव्हे. त्यास लेखकाची संमती हवी, आणि ती न मिळाल्यास ते सोडून देणे हेच शास्त्रीय शिस्तीस धरून होईल. तसेच फीड असली म्हणजे जतन आपोआप होते असेही नाही. संकेत वाट मोकळी करतो. प्रत घेऊन ठेवणारा कोणी तरी लागतोच. ‘हरिजन’चे अंक टिकले ते ग्रंथालयांनी बांधून ठेवले म्हणून.

तेव्हा निष्कर्ष मर्यादित, पण व्यवहार्य आहे. मंच हा बाजार आहे. तेथे जाण्यास हरकत नाही, परंतु दप्तर बाजारात ठेवू नये. झाडीपट्टीतील नाटककार, कवी व संग्राहक ह्यांचे जे लेखन प्रसिद्धीसाठी आहे, ते त्यांच्या संमतीने प्रथम विद्यापीठाच्या वा ग्रंथालयाच्या स्वतःच्या पत्त्यावर, युनिकोडमध्ये, तारखेसह व फीडसह ठेवावे. मग ते हव्या त्या मंचावर जावे. विद्यापीठीय विभागांनी एकमेकांच्या फीड घेऊन प्रती राखाव्यात. पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधात मंचावरील उतारा दिल्यास त्याची संमतीपूर्वक घेतलेली प्रत विभागात जमा करावी. ह्यास मोठा निधी लागत नाही, सातत्य लागते. सावलीतील १९३६ चे भाषण आज पाहता येते, तशी सावलीतील आजची बोली आणखी नव्वद वर्षांनी पाहता यावी की नाही, हे ठरविण्याचा अधिकार कोणत्याही मंचाच्या चालकाकडे राहू देणे हे भाषेच्या अभ्यासकास शोभणारे नाही.