फुलामागची धूसरता

हल्ली घरोघरी काढल्या जाणाऱ्या फुलांच्या छायाचित्रांत एक लकब सार्वत्रिक झालेली आढळते. फूल तेवढे रेखीव, आणि मागे सगळा हिरवा काला. ही धूसरता पूर्वी भिंगातून उतरत असे. २०१६ साली आयफोन ७ प्लस आल्यानंतर ती मोबाइलच्या गणितातून उतरविण्याची चाल पसरत गेली, आणि आता तर चित्र काढून झाल्यावरही ती हवी तेवढी वाढविता येते. सोय मोठी आहे, यात वाद नाही. परंतु तिने चित्राचा गुण वाढतो काय, हा प्रश्न विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पूर्वसूरींनी या बाबतीत तीन मार्ग दाखविले आहेत. इंग्लंडमधील पी. एच. इमर्सन याने १८८९ साली ‘नॅचरलिस्टिक फोटोग्राफी’ या ग्रंथात असे प्रतिपादिले की, डोळा एका वेळी एकच वस्तू स्पष्ट पाहतो. सबब चित्रातही मुख्य वस्तू स्पष्ट व बाकीचे सौम्य असावे. मात्र ही सौम्यता वस्तूचा घाट नाहीसा करण्याइतकी जाऊ नये, हेही त्यानेच बजावले. दुसरा मार्ग अमेरिकेतील इमोजेन कनिंगहॅम यांचा. मुले लहान, घर सोडवत नाही, अशा दिवसांत त्यांनी आपल्या बागेतील फुलांकडे कॅमेरा वळविला. त्यांच्या १९२५ च्या मॅग्नोलियाच्या चित्रात फुलानेच चौकट भरून टाकली आहे. मागे काही धूसर करावयास जागाच उरलेली नाही. तिसरा बर्लिनचा कार्ल ब्लॉसफेल्ट. १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातील १२० चित्रांत देठ, कळ्या, पाने साध्या कोऱ्या पार्श्वभूमीवर अनेकपट मोठी करून दाखविली आहेत. त्याने बाग वगळली, पण उघडपणे वगळली.

आजची संपादित धूसरता इमर्सनचा आव आणते आणि ब्लॉसफेल्टचे काम करते, हा आमचा मुख्य आक्षेप आहे. भिंगाची धूसरता अंतराशी इमानी असते. फुलालगतचे पान किंचित मऊ, त्यामागची फांदी अधिक, कुंपण त्याहून अधिक. त्या क्रमावरूनच पाहणारास बागेची खोली कळते. यंत्र अंतराचा केवळ अदमास बांधते. जास्वंदीचा पुढे झुकलेला केसरदंड घ्या. त्याच्या टोकावरचे बारीक केसर यंत्रास पुष्कळदा पार्श्वभूमीत जमा वाटतात आणि फुलासोबत न राहता पुसले जातात. उलट पाकळीच्या कडेला मागच्या हिरव्याची एक तीक्ष्ण किनार तशीच राहते. फूल मग झाडावर उमललेले न दिसता कातरून चिकटविलेले दिसते.

यावर कोणी म्हणेल की, मागे बादली आहे, वाळत घातलेले कपडे आहेत. ते का दाखवावे? दाखवू नयेत. पण त्यास उपाय कॅमेऱ्याच्या हाती नसून पायांच्या हाती आहे. दोन पावले बाजूस सरावे, खाली बसावे, फुलाच्या अधिक जवळ जावे. फूल भिंगाच्या जितके जवळ आणि मागची भिंत फुलापासून जितकी दूर, तितकी ती आपोआप विरघळते. या खटाटोपात फुलाकडे चार वेळा पाहणे घडते, हा लाभ वेगळाच.

संपादन त्याज्य आहे, असे आमचे म्हणणे नाही. भडक ठिपका मंद करणे, उजेड सावरणे, हे छायाचित्रकार पूर्वीपासून करीत आले आहेत. परंतु घरच्या बागेचे चित्र हे त्या घराचे टिपणही असते. वीस वर्षांनी ते पाहताना गुलाब कोणत्याही गुलाबासारखाच दिसेल; हा आपल्या अंगणातला, हे सांगणारी कुंडी, ती पायरी, तो आंब्याचा बुंधा मागेच असणार. ती अस्पष्ट असली तरी चालेल. ओळखू येणार नाही इतकी मात्र पुसू नये.